खाली यायला हात लागतो

४ मार्च १९७४, सोमवार

आज बंगल्यावर रुजू झालो. जागा पाहून बरं वाटलं. आकुर्डीच्या पुढे, हमरस्त्यापासून बरंच आत, कंपनीच्या मागच्या माळावर हा एकटाच बंगला आहे. पुढे कण्हेरीचं कुंपण, मागे विहीर, आणि विहिरीला या दिवसांतही पाणी. बाहेरगावचे इंजिनिअर कामाला आले की इथे उतरतात. सध्या कोणी नाही. मे महिन्यात जर्मन साहेब यायचे आहेत. तोवर नळ, पंखे, दारं, पडदे ठाकठीक करून ठेवायचे आणि राखण करायची, हे माझं काम. मला मागची खोली दिली आहे. खाट आहे, स्टोव्ह आहे, भिंतीला टेकवलेली एक सायकलसुद्धा आहे. माळी खंडू म्हणाला, राव, सायकल आता तुमचीच समजा, आदीच्या माणसाची हाय, तो काय न्यायला येत न्हाई.

खंडू इथलाच. कंपनीने घेतलेल्या जमिनीत एक तुकडा त्याच्या बापाचा होता. म्हणाला, तुमची खाट हाय तिथं आमचा गोठा व्हता, झोप झ्याक लागंल. बऱ्याच दिवसांनी हसलो.

लिहायची मला सवय नाही. कपाटात एक कोरी वही सापडली आणि घरात बोलायला कोणी नाही, म्हणून लिहितो.

७ मार्च, गुरुवार

इथे यायचं कारण लिहून ठेवतो. कासारवाडीला यशवंतरावांच्या कारखान्यात मी रोलरचे पडदे जुळवत होतो. या बंगल्याचे पडदे आम्हीच केले आणि मीच येऊन लावले. पडद्याच्या खालच्या कडेला शिवण घालून तिच्यात लाकडी पट्टी सरकवतात. ती शिवण माझी बायको शालन घरी मशिनवर घालत असे. शेवटाला ती टाका उलटा घेऊन पक्का करायची, गाठ मारायची नाही. आज सगळे पडदे खाली ओढून कडा पाहिल्या. सगळ्यांवर तिचाच टाका आहे. चार वर्षांच्या धुळीतही एक उसवलेला नाही.

शालनला जाऊन तीन महिने झाले. निघताना यशवंतराव म्हणाले, ज्योतीराम, पडदे बनवणारा तू आता पडद्यांचा राखणदार, उद्या आमचा सुतार झाडाखाली वॉचमन म्हणून बसेल. कासारवाडीच्या खोलीत तिची मशिन समोर दिसायची. ती दापोडीला तिच्या आईकडे पोचवली, खोली सोडली आणि इकडे आलो.

९ मार्च, शनिवार

जर्मन साहेबांना सकाळचं ऊन सोसत नाही म्हणे. म्हणून पडदे आधी घेतले. खंडू उभा राहून बघत होता. त्याला वाटायचं आत रबर असतं. त्याला एक रोलर उघडून दाखवला. लाकडी नळी आतून पोकळ. तिच्यात एका दांड्यावर लांब स्प्रिंग चढवलेली. एका टोकाची पिन गोल असते, ती ब्रॅकेटमध्ये फिरते. दुसऱ्या टोकाची चपटी, ती खाचेत अडकते आणि फिरत नाही. पडदा खाली ओढला की नळी फिरते, चपटी पिन जागची हलत नाही, म्हणून स्प्रिंगला पीळ बसतो. हात थांबला की टोकाचा छोटा खटका स्वतःच्या वजनाने दातेरी चाकाच्या खाचेत पडतो आणि पीळ आत कोंडला जातो. वर न्यायचा तर पट्टीला हलका हिसका द्यायचा. खटका सुटतो, नळी जोरात फिरते, त्या वेगाने खटका बाहेरच फेकलेला राहतो आणि पडदा सरसर वर जातो. हळू ओढला तर खटका एकेका खाचेवरून जाताना ऐकू येतो. खट, खट.

रोलर उतरवताना चपटी पिन आधी पकडीने धरावी लागते. कोंडलेला पीळ सुटला तर बोट मोडतो.

नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी एवढंच सांगायचो. वर जाणं हे स्प्रिंगचं काम, खाली यायला हात लागतो. खटका झिजला तर पडदा आपोआप वर जाईल. स्प्रिंग धड असेल तर आपोआप खाली येणार नाही.

खंडू म्हणाला, म्हंजी आमच्या म्हाताऱ्यावानी. भांडायला उठवायचं तर नुसता धक्का पुरं, खाली बसवायचं तर माणसं लागत्यात.

१२ मार्च, मंगळवार

आज सकाळी पूर्वेच्या खोलीतला पडदा अर्ध्याच्या खाली आलेला दिसला. मी संध्याकाळी सगळे वर करून झोपतो, कापडाला सुरकुती पडू नये म्हणून. खंडूला विचारलं. तो चिडला. म्हणाला, सकाळच्या पारी म्हशीची धार काढू का तुमच्या दोऱ्या वढत बसू? आणि मला त्या खोलीत जायचं काय पडलंय.

पडदा वर केला. कामात विसरलो.

१४ मार्च, गुरुवार

पुन्हा तोच पडदा, तितकाच खाली. काल खोलीला कुलूप लावलं होतं. किल्ली माझ्या करगोट्याला होती.

रोलर उतरवून पाहिला. स्प्रिंग ताठ आहे, खटका नवा असल्यासारखा पडतो, दात झिजलेले नाहीत. वरून तेलाचा थेंब सोडून परत लावला. पडदा वर करून पट्टी सुतळीने ब्रॅकेटला बांधली.

१५ मार्च, शुक्रवार

सुतळी तुटलेली नाही. सोडलेली आहे. सोडून तिची छोटी गुंडी करून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेली आहे. पडदा तितकाच खाली.

कुलूप होतं तसं.

आज काम झालं नाही. पायरीवर बसून राहिलो. पलीकडे कंपनीचा भोंगा झाला, माणसं सायकलींवरून गेली, धूळ बसली. त्या गुंडीकडे बघत होतो. शालन दोऱ्याचा तुकडा कधी टाकत नसे. अशीच बोटाभोवती फिरवून ठेवायची.

१७ मार्च, रविवार

पडदा नेमका तितकाच का येतो, ते आज कळलं. सकाळी त्या खोलीतल्या खाटेवर आडवा झालो. ऊन खिडकीतून येतं, छातीवर पडतं आणि हनुवटीशी थांबतं. झोपलेल्या माणसाच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये, एवढाच पडदा ओढलेला असतो.

कासारवाडीला मी तिसऱ्या पाळीहून सकाळी येऊन झोपायचो, तेव्हा ती आमच्या खिडकीचा पडदा असाच ओढायची. जास्त नाही, कमी नाही. मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

तिच्या पुण्यानुमोदनाला भन्तेजींनी सांगितलं होतं की गेलेलं माणूस परत येत नसतं, आत्मा वगैरे काही नसतं, उरतं ते आपलं वागणं. मी मान हलवली होती. मला ते पटलेलंही आहे. पण खाली यायला हात लागतो, हेही मला तितकंच पटलेलं आहे.

२० मार्च, बुधवार

खाट बदलली. आता पूर्वेच्या खोलीत असतो. दुपारी जेवून पडलो तेव्हा पडदा वर होता. डोळा लागता लागता आवाज आला. खट, खट, खट. फार हळू. कोणी निजलेल्याला जाग येऊ नये म्हणून ओढतं तसा. मी डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर ती थांबली असती, असं वाटलं.

तीन महिन्यांत अशी झोप लागली नव्हती.

२७ मार्च, बुधवार

आता रोज बोलतो. पहिल्यांदा लाज वाटली. मशिन तिच्या आईकडे आहे, तेल घालायला सांगितलं आहे, हे सांगितलं. यशवंतरावांनी नवी बाई ठेवली, तिची शिवण वाकडी जाते, हे सांगितलं. तिची आई कुठे राहते, दापोडीच्या कुठल्या गल्लीत, दाराला कडी आतून कशी आहे, ती कशी हाक मारते, सगळं बोललो. शालनला माहीत असलेलंच मी परत सांगतो, हे माझ्या लक्षात येतं. पण ऐकणारं कोणी असलं की माणूस सांगत राहतो.

उत्तर येत नाही. जिवंतपणीही ती कमीच बोलायची.

३ एप्रिल, बुधवार

आता सगळ्या खोल्यांचे पडदे दिवसाही खाली असतात. मी वर करत नाही. पूर्वेचा तर कट्ट्याला टेकतो.

खंडू बाहेरून ओरडला, राव, भर दिवसा बंगला आंधळा कशाला केलाय, आत काय शिनिमा लावलाय का? मी आतून म्हणालो, कापडाला ताण देतोय. तो म्हणाला, तुमाला बी जरा उन्हाचा ताण द्या, पांढऱ्या उंदरावानी दिसाय लागलाय.

९ एप्रिल, मंगळवार

यशवंतराव स्कूटरवरून आले. नवी ऑर्डर आहे, माणूस नाही, परत ये म्हणाले. माझ्याकडे बघून त्यांनी मस्करी केली नाही. जाताना खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ज्योतीराम, ही जागा सोड, तुझ्या हाताची मला गरज आहे. नाही म्हणालो. इथून गेलो तर तिला दुसऱ्यांदा सोडून गेल्यासारखं होईल. हे त्यांना सांगितलं नाही.

स्टोव्ह पेटवायचा कंटाळा येतो. भूकही नाही.

१४ एप्रिल, रविवार

बाबासाहेबांची जयंती. दापोडीला जायचं होतं. दरवर्षी शालन आणि मी पांढरे कपडे घालून सकाळीच जायचो. सदरा काढून ठेवला होता. पडदा खाली होता, आत गार होतं. जरा पडलो.

उठलो तेव्हा दिवस गेला होता.

१६ एप्रिल, मंगळवार

शालनची आई आली. भिमाबाई. दापोडीहून बसने आकुर्डी, तिथून उन्हात चालत. डब्यात जयंतीची लापशी. दारातच म्हणाली, जयभीम जावई, तुमी न्हाई आला म्हणून लापशीच चालत आली. मग माझं तोंड पाहिलं आणि डबा खाली ठेवला.

खाणं झाल्यावर मी सांगितलं. सगळं सांगितलं. पूर्वेच्या खोलीत नेऊन पडद्याची कड तिच्या हातात दिली. तिला आता बारीक दिसत नाही. तिने शिवणीवरून बोटं फिरवली, शेवटच्या टाक्याशी थांबली आणि रडली. म्हणाली, टाका माझ्या पोरीचाच हाय. मीच शिकिवला तिला.

मग डोळे पुसून विचारलं, पडदा वढल्यावर ती काय करती? मी म्हणालो, काही नाही, इथेच असते. माझ्याजवळ.

ती उठलीच. म्हणाली, आवो, माझ्या पोरीला बंद खोलीत जीव घाबरायचा. लहानपणापास्नं. तुमाला झोप लागावी म्हणून ती पडदा वढायची आन् बाहेर यायची. मशिन घिऊन वट्यावर बसायची. मी आले की तिथंच भेटायची, शेजारणी बी तिथंच यायच्या. पडदा वढल्यावर ती आत कदी थांबली न्हाई. मग हितं आत कोन थांबतंय?

मी झोपलेला असायचो. मला ते माहीतच नव्हतं.

ती आत्ताच चला म्हणत होती. मी म्हणालो, बंगल्याच्या किल्ल्या ऑफिसात दिल्याशिवाय कसा येऊ, शुक्रवारी येतो. जाताना तिने मागे वळून खिडकीकडे पाहिलं नाही. मला मात्र हात धरून कुंपणापर्यंत नेलं, पायरी उतरताना लहान पोराला धरावं तसं.

१७ एप्रिल, बुधवार

मागच्या खोलीत झोपलो. झोप आली नाही.

खंडूला विचारलं, आधीचा माणूस का गेला. तो टाळत होता. मग सांगितलं. दत्तोबा नाव. त्याचा मुलगा वारला होता. तोही पडदे ओढून बसायचा आणि पोरगं आलंय म्हणायचा. एक दिवस अचानक बरा होऊन बाहेर आला. खंडूनेच त्याला गाडीत बसवून दिलं.

मी म्हणालो, मग चांगलं झालं की. खंडू म्हणाला, व्हय, मला बी वाटलं. पर सायकल घ्या म्हणलं तर तिच्याकडं असं बघाय लागला, जशी पयल्यांदाच बघतोय. कशी धरायची ते ठावं न्हाई. आन् आता त्याच्या घरची म्हनत्यात, गडी दिसभर दारं-खिडक्या लावून बसतो, जेवत न्हाई, बोलत न्हाई. त्याची बायकू म्हनती, मानूस परत आला पर माझा मानूस आला न्हाई.

लिंबू-नारळ उतरून टाकू का, असं खंडूने विचारलं. आम्ही ते करत नाही, म्हणालो.

पूर्वेच्या खोलीत जे आहे, त्याने ऐकलंय. मी सांगितलेलं सगळं त्याने ऐकलंय. दापोडीची गल्ली. दाराची कडी.

१८ एप्रिल, गुरुवार

ऑफिसात किल्ल्या दिल्या, मागच्या दाराची तेवढी उद्यापर्यंत ठेवली. परत येऊन पूर्वेचा रोलर उतरवला. चपटी पिन पकडीने धरली, पीळ हळूहळू सोडला, स्प्रिंग दांड्यासकट बाहेर काढून डब्यात टाकली. नुसती लाकडी नळी आणि कापड राहिलं. जमिनीवर ठेवलं.

उचलायला गेलो तर नळी ओढ घेत होती. आत काही नाही. फुंकर मारली तर आरपार जाते. तरी पीळ होता. हातातून सुटली आणि अंगठा

डाव्या हाताने लिहितोय. अंगठ्याला फडकं बांधलंय. हाड मोडलं असावं.

फडकं बांधून परत त्या खोलीत गेल्यावर पाहिलं. पडदा खिडकीवर आहे. मी लावला नाही. खाली ओढलेला.

उन्हासाठी नाही. आता कळतंय. बाहेरच्याला आत दिसू नये म्हणून—

१९ एप्रिल, शुक्रवार

बाहेर आहे. अंगणात. डोक्यावर झाड नाही, छप्पर नाही. मुद्दाम. ट्रंक जवळ. दुपार. खंडू स्टँडपर्यंत सोडायला येणार आहे. तोवर लिहितो, नाहीतर डोळा लागेल. फार थकलोय. आत गार असेल.

नाही जायचं.

आत मशिन चालू झाली. पायाने चालवतात तशी, थांबून थांबून. तिची मशिन दापोडीला आहे. तिची मशिन दापोडीला आहे.

एकदाच बघून यावं का—

नाही.

थांबली.

खंडू आला. कुंपणाशी आहे. मी हात केला. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. खिडकीकडे बघतोय. म्हणतोय, निघायचं ना राव? आज लई ताजं दिसताय.

पूर्वेचा पडदा वर आहे.

मी हाक मारली. त्याच्या नावाने. दोनदा. तो माझ्यापासून हाताच्या अंतरावरून गेला. ट्रंकेला ठेचकाळला. म्हणाला, ट्रंक हितं कुनी ठिवली?

दार उघडलं. मी बाहेर आलो. म्हणजे मी नाही. माझा सदरा. माझी चाल. अंगठ्याला फडकं नाही. अंगठा धड आहे.

खंडू हसून म्हणतोय, चला, म्हातारी लापशी घिऊन बसली आसंल. दारातून आलेल्या त्याने मान हलवली. माझ्यासारखीच.

ट्रंक खंडूने उचलली. ते चाललेत.

तो दापोडीला चाललाय. आई दार उघडेल. ती जावई म्हणून आत घेईल. तिला बारीक दिसत नाही. आई, कडी काढू नका. आई—

ओरडतोय. आवाज बाहेर पडत नाही. कण्हेरीपाशी गेलो तर पुढे पाय जात नाही. समोर कापडासारखं काही हाताला लागतं. दिसत नाही. वीण लागते, उभा-आडवा धागा. खाली चाचपलं. शिवण नाही. टाका नाही.

परत वहीपाशी बसलोय. कोणी उचलली तर वाचेल. दापोडी. भिमाबाई. विहाराच्या मागची गल्ली. तिला सांगा आलेला तो मी नाही. तिला सांगा त्याला मशिन चालवायला द्या, त्याला पाय कुठे ठेवायचा ते ठाऊक नसेल—

ऊन कमी होतंय. ढग नाही. वहीच्या वरच्या टोकाला सावलीची कड आहे. सरळ. पट्टीसारखी.

खट.

खाली येतेय. या ओळीपर्यंत आली. खालची ओळ अजून उन्हात आहे.

खट.

तिला सांगा कडी

खट.

कडी का